पाथरवटाच्या डोणीतलं कमळ

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बेडूक माणसांशी बोलायचे आणि माणसंही हातातलं काम ठेवून ऐकून घ्यायची.

एका गावाला एक तळं होतं. तळ्यात कमळं होती, आणि त्या कमळांच्या पानांवर साऱ्या गावाचा भरवसा होता. गावात कुणाचंही मूल असो, कारभाऱ्याचं असो की गुराख्याचं, त्याचं उष्टावण कमळाच्या पानावरच व्हायचं. आईनं पान पुसून मांडायचं, मामानं त्यावर खीर वाढायची आणि बाळाच्या ओठाला पहिला घास लावायचा. गावातली माणसं म्हणायची, कमळाच्या पानावर पाणी जसं ठरत नाही, तसं या लेकराच्या अंगावर दुखणं ठरायचं नाही. आलं तरी घरंगळून जाईल.

त्या गावात एका पाथरवटाचं घर होतं. घरात पाथरवट, त्याची म्हातारी आई, त्याची बायको आणि पाच महिन्यांची मुलगी. आपली गोष्ट आहे ती या पाथरवटाच्या बायकोची. गाव तिला पाथरवटाची सून म्हणायचं, म्हणून आपणही सूनच म्हणू.

सून कामाला वाघीण होती, पण मनानं फार भित्री. बाळ रडलं तर का रडलं म्हणून भ्यायची, आणि रडलं नाही तर का रडलं नाही म्हणून भ्यायची. बाळ निजलं की नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. तेवढ्यानं बाळ जागं व्हायचं. मग जागं का झालं, याची काळजी. सासू म्हणायची, "अगं, पोरीला झोपू दे की घटकाभर! तुझ्या बोटानंच तिची झोप मोडते." सून हो म्हणायची आणि पुन्हा बोट धरायची. ती काही वेडी नव्हती. आईपण तिला नवं होतं, एवढंच. आणि सातव्या महिन्यात पोरीचं उष्टावण झालं, तिनं कमळाच्या पानावर घास खाल्ला, की आपली काळजी मिटेल, अशी तिची पक्की समजूत होती. ती दिवस मोजत होती.

पण झालं भलतंच. एके दिवशी तळ्याचा बांध फुटला. दुपारपर्यंत भरलेलं तळं संध्याकाळी चिखल होऊन पडलं. गावातले सारे गडी बांध बांधायला गेले. दगड घडवायचे म्हणून पाथरवटही गेला, तो आठवड्यातून एकदाच घरी यायचा. इकडे ऊन पडलं, चिखल तडकला, आणि मोकाट गुरांनी उरलीसुरली कमळं चरून टाकली.

गावात एक म्हातारी माळीण होती. तिनं चार दिवस तळ्याचा गाळ उपसला, तेव्हा तिला जिवंत कंद सापडले ते अवघे तीन. ती म्हणाली, "तीन कंद तीन घरी ठेवू. बांध होईपर्यंत भांड्यात जगवायचे. तळं भरलं की पुन्हा तळ्यात. एक जरी जगला तरी तळं पुन्हा कमळांनी भरेल. तिन्ही मेले, तर या गावाचं कमळ संपलं."

एक कंद तिनं पाटलीणबाईंना दिला. एक तेलिणीला दिला. आणि एक पाथरवटाच्या घरी आणून दिला, कारण त्यांच्या अंगणात एक दगडी डोणी होती. रुंद, हातभर खोल, पूर्वी बैलांना पाणी पाजायची.

माळणीनं स्वतः बसून कंद लावून दिला. आधी तळ्याचाच चिकट गाळ वीतभर थापला. त्यावर कंद आडवा ठेवला, कोंब तेवढे वर. वरून वाळूचा पातळ थर दिला, म्हणजे गाळ उठायला नको. वाळूवर एक पत्रावळ ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं. कंदाला तीन कोंब होते. पिवळसर, टोकदार, चिमणीच्या चोचीसारखे.

"झालं," माळीण गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आता याला ऊन मिळू दे. जीव लावा म्हणजे झालं."

जीव लावा म्हणाली, आणि चुकलं ते इथंच. सुनेला जीव लावायची एकच रीत ठाऊक होती.

त्या गावातल्या बायका रोज सकाळी उठून आधी घरातलं शिळं पाणी ओतून टाकायच्या. हंडा-कळशी राखेनं घासायच्या, आणि विहिरीवरून ताजं पाणी आणून भरायच्या. शिळं पाणी घरात ठेवणारी बाई आळशी, असं पोरींना लहानपणापासून सांगितलेलं. सून तर चार घरांत नाव घेण्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोणीत बघितलं, तर पाणी थोडं गढूळ दिसलं. तिनं पदर खोचला, कंद अलगद उचलून परातीत ठेवला, सारं पाणी ओतून टाकलं, डोणी राखेनं लख्ख घासली, गाळ पुन्हा थापला, कंद पुन्हा लावला आणि आठ कळश्या ताजं पाणी भरलं.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही तेच.

विहिरीवर बायका हसायला लागल्या. "काय गं, तुझी डोणी पाणी पिते की काय? विहीर आटवशील अशानं!"

"हसा, हसा," सून रहाट ओढत म्हणायची. "तुमच्या घरी नाही दिला माळणीनं. ज्याचं त्याला ठाऊक."

पंधरा दिवस गेले. कोंब काही वाढेना. उलट एक कोंब काळा पडला आणि हातात गळून आला. सून कंद उराशी धरून रडली. सासू म्हणाली, "अगं, कांद्याला कुशीत घेऊन बसलीस आणि पोर तिकडे रडतंय!"

तेवढ्यात गावातून बातमी आली. पाटलीणबाईंनी कंद तांब्याच्या घंगाळात ठेवला होता. पाहुण्यारावळ्यांना दिसावं म्हणून घंगाळ रोज चिंचेनं घासून झळझळीत करायच्या. घंगाळ झळकत राहिलं आणि कंद कुजून गेला. पाटलीणबाई म्हणाल्या, "कंदच खोटा होता." दोन दिवसांनी तेलिणीच्या म्हशीनं दावं तोडलं, टोपलीएवढ्या मडक्यात तोंड घातलं, पाणी प्याली आणि कंदही खाऊन टाकला. तेलीण म्हणाली, "काय करणार बाई, जनावर ते. पण दूध काय गोड दिलं त्या दिवशी!"

म्हणजे साऱ्या गावात एकच कंद उरला, पाथरवटाच्या डोणीतला. त्याचेही कोंब दोनच.

मग काय विचारता! सारा गाव अंगणात लोटला. ज्यानं त्यानं आपलं शहाणपण आणलं. एक म्हणाली शेण घाल, सुनेनं शेण घातलं. पाणी बुडबुडायला लागलं. दुसरी म्हणाली हळद घाल, सुनेनं हळद घातली. तिसरी म्हणाली सावलीत ठेव, चौथी म्हणाली उन्हात ठेव. आता दगडी डोणी काय उचलून ठेवायची? सुनेनं मग वर कांबळं बांधलं, आणि दुपारी काढलं. प्रत्येक उपायानंतर भीती वाटायची, की हा उपाय बाधला तर? की लगेच पाणी ओतायचं, राखेनं घासायचं, ताजं भरायचं. दिवसातून दोनदा. हाताला घट्टे पडले. आणि एका सकाळी दुसरा कोंबही काळा पडलेला दिसला.

एक कोंब उरला.

सून डोणीच्या काठावर मटकन बसली. तिला वाटलं, या कोंबाबरोबर गावाचं कमळ जाणार, आणि दोष माझ्या कपाळी येणार. आणि माझ्या पोरीला पान मिळायचं नाही. साऱ्या गावातली लेकरं पानावर जेवली, माझीच उघडी पडणार. तिनं डोळे पुसले, राख घेतली आणि डोणी कलती करायला पहार लावली.

"झालं का पुन्हा सुरू?" डोणीच्या आडोशातून कुणीतरी म्हणालं.

सुनेनं दचकून बघितलं. पहारीजवळच्या ओल्या मातीत एक जाडी बेडकी बसली होती. तिच्या पाठीला राख लागली होती.

"रोज मला पाण्याबरोबर बाहेर फेकतेस," बेडकी म्हणाली. "रोज मी आत येते. वीस दिवस झाले. माझं कंबरडं मोडायची वेळ आली. तळं गेलं म्हणून इथं आसरा धरला, तर इथं रोजच बांध फुटतो!"

"अगंबाई," सून कानकोंडी झाली. "मला दिसलीच नाहीस तू. पण पाणी घाण झालं होतं गं. साफ नको का करायला?"

"तळं कोण घासायचं?"

सुनेनं पहार खाली टेकवली.

"मी विचारते, तळं रोज उपसून राखेनं कोण घासायचं? तुझी सासू?"

"काहीतरीच काय!" सून हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा रडू आलं. "मग मी करू तरी काय? माझ्यानं बघवत नाही. नुसतं बसून राहिले, आणि गेलं, तर मला वाटेल मी काहीच केलं नाही."

बेडकी जरा मऊ झाली. "तुझी आच खोटी नाही, बाई. पाटलिणीसारखं मिरवायला नाही करत तू. पण त्या कोंबाच्या बाजूनं बघ. त्यानं मुळी रोवायची म्हटली, की तू उपटतेस. त्यानं पाणी ओळखीचं करायचं म्हटलं, की तू बदलतेस. वर राखेचा खार. तो मरतोय तो तुझ्या हातानं मरतोय. आज ओतू नकोस. उद्याही ओतू नकोस. उन्हानं आटेल तेवढंच, काठाकाठानं, हळू घाल. बाकी काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"हेच तर अवघड आहे," बेडकी म्हणाली, आणि डोणीत उडी मारून बुडाली.

सुनेनं पहार भिंतीला लावली. त्या दिवशी तिनं पाणी ओतलं नाही.

काहीही न करण्याइतकं कष्टाचं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं झालं. आठव्या दिवशी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं झालं. विहिरीवरच्या बायका कुंपणावरून डोकावायच्या. "काय गं, थकलीस एवढ्यात? सांडपाण्याचा खड्डा बरा तुझ्या डोणीपेक्षा!" सुनेचे हात शिवशिवायचे. मग ती ज्वारी निवडायला घ्यायची. निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायची.

बाराव्या दिवशी पाण्यात बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. ती धावत जाऊन म्हणाली, "बेडके, बाहेर ये! यात डास होणार. डास माझ्या पोरीला चावणार. ताप येणार. कमळापायी मी पोर नाही घालवायची. आता मी ओतणारच."

"भ्यायचं तिथं भ्यावंच," बेडकी म्हणाली. "हे भय बरोबर आहे. पण अळ्यांना औषध आहे. नवऱ्याला सांग, ओढ्यातले बोटभर लांबीचे चार मासे आण. ते अळ्या खातील. त्यांच्या तावडीतून सुटून एखादा डास उडालाच, तर मी बसलेय की. फुकट राहात नाही मी तुझ्याकडे."

पाथरवट दुसऱ्याच दिवशी घरी आला, तेव्हा सासूनं त्याला उंबऱ्यातूनच परत ओढ्यावर पिटाळलं. त्यानं लोट्यात चार मासे आणले. दोन दिवसांत अळ्या दिसेनाशा झाल्या. मग हळूहळू पाणी आपलं आपणच निवळायला लागलं. हिरवा रंग फिका झाला, तळाची वाळू दिसायला लागली. आणि एका सकाळी पाण्यावर एक पान येऊन पडलं होतं. तळहाताएवढं, गोल. मग दुसरं. मग तिसरं.

सुनेनं हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून तिनं ते बघितलं. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आत पाळण्यात पोर कधीची गाढ झोपली आहे, आणि आपण आज एकदाही तिच्या नाकाशी बोट धरलेलं नाही.

सातवा महिना लागला. पाण्यावरची पहिली पानं पिवळी होऊन गळाली, पण त्यांच्यामधून एक जाड देठ उठला आणि हवेत वर आला. त्यावर गुंडाळी उलगडली, आणि परातीएवढं पान उभं राहिलं. उष्टावणाला लागतं तस्संच. सुनेला वाटलं, देवच भेटला. तिनं माहेरी सांगावा धाडला, भावाला बोलावलं. तांदूळ भिजत घातले.

"उद्या पान कापणार होय?" बेडकीनं विचारलं.

"हो मग! त्यासाठीच तर एवढं केलं."

"बरं," बेडकी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सांगितलं नाही असं नको. देठ आतून पोकळ असतो. कंद त्यातूनच श्वास घेतो. दहा पानं असती तर एक गेलं असतं. हे एकच आहे. हे कापलंस, तर खाली कंद गुदमरायचा. वाचलाच तर नशीब."

बेडकी पाण्यात गेली. सून मात्र कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. अंगणात पाट मांडला, रांगोळी घातली. शेजारपाजारच्या बायका जमल्या, पाटलीणबाईसुद्धा आल्या. सासूनं पोरीला नवं अंगडं घातलं आणि विळा घेऊन ती डोणीकडे निघाली.

"आत्याबाई, थांबा," सून म्हणाली. "पान कापू नका."

सासू वळली. लग्न झाल्यापासून सून तिला कधी नाही म्हणाली नव्हती. "काय म्हणालीस?"

"कापलं तर कंद मरेल. एकच पान आहे."

"आणि पोरीचं काय? गावातलं एक लेकरू असं नाही, जे पानावर जेवलं नाही. रीत मोडायची?"

"रीत पानावर चालते, आत्याबाई. पानच उरलं नाही, तर उद्याच्या लेकरांना रीत तरी कशावर वाढायची?"

पाटलीणबाई पुटपुटल्या, "म्हणजे स्वतःच्या पोरीपेक्षा कांदा प्यारा!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "माझ्याइतकं हे पान कुणालाच नको होतं, बाई," ती म्हणाली. "रात्रंदिवस मी याचीच वाट बघितली. मला वाटायचं, एकदा पोर पानावर जेवली की मी सुटले. पण मी वीस दिवस या कंदाला जीव लावते, जीव लावते म्हणून मारतच होते. त्याचे दोन कोंब माझ्या हातानं गेले. आता पोरीच्या नावानं तिसरा घालवला, तर मी शिकले काय?"

सूनच पुढं झाली. ती पाटावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं, आणि उजवा हात पुसून पसरला. राखेनं आणि रहाटानं त्या हाताला घट्टे पडले होते.

"दादा," ती भावाला म्हणाली, "यावर वाढ."

भावानं सासूकडे बघितलं. म्हातारी विळा धरून तशीच उभी होती. मग तिनं विळा खाली ठेवला, नाक ओढलं आणि म्हणाली, "बघतोस काय माझ्या तोंडाकडे? वाढ की! खीर गार व्हायला लागली."

मामानं बहिणीच्या तळहातावर खीर वाढली. पोरीनं पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं, मग ओठ चाटले आणि सगळी मूठ आईच्या हातावर मारून खीर आईच्याच नाकाला लावली. तेव्हा मात्र पाटलीणबाईसुद्धा हसल्या.

त्या कंदाला महिनाभरात नऊ पानं आली. बांध पुरा झाला, ओढ्याचं पाणी तळ्यात भरलं, तेव्हा माळणीनं कंद बाहेर काढला. आता एकाचे सात झाले होते. तिनं सातही तळ्यात सोडले. दोन-तीन वर्षांत तळं या काठापासून त्या काठापर्यंत पुन्हा पानांनी झाकून गेलं. पुढं ज्यांची उष्टावणं झाली, त्या साऱ्या लेकरांना पानं मिळाली, आणि देठ कापण्याआधी शेजारी आणखी पानं उभी आहेत ना, हे बघायची त्या गावाला सवय लागली.

आणि पाथरवटाची पोर? तिला खोकला झाला, गोवर आला, एकदा ती ओट्यावरून पडली आणि गुडघा फुटला. कमळाच्या पानावर जेवलेल्या पोरांनाही हे सारं झालंच. तीही त्यांच्यासारखीच बरी झाली, वाढली, हुंदडली. सुनेची काळजी काही संपली नाही. आईची कधी संपते? पण हात उचलायच्या आधी ती आता घटकाभर थांबायची, आणि स्वतःला विचारायची, हा हात पोरीसाठी उठतोय, की माझ्या भीतीसाठी?

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: जीव जरूर लावावा, पण ज्याला जीव लावला त्याला आपली मुळं रोवायला उसंत द्यावी.